हत्तीपाय दिसतो चाळिशीत, जडतो बालपणी

हत्तीरोगाच्या मोहिमेत एक परीक्षा अशी असते, जिच्यावर अख्ख्या भागाचा निकाल ठरतो. परीक्षार्थी असतात पहिली-दुसरीची मुले, साधारण सहा-सात वर्षांची. प्रत्येकाच्या बोटाला सुई टोचून रक्ताचे दोन-तीन थेंब घेतले जातात आणि एका छोट्या पट्टीवर सोडले जातात. दहा मिनिटांनी पट्टीवर एक रेघ दिसली तर मूल निरोगी. दोन दिसल्या तर त्याच्या शरीरात हत्तीरोगाच्या जंताचा अंश सापडला. अशी साधारण दीड हजार मुले तपासायची. दोन रेघांची मुले ठरलेल्या आकड्याच्या आत राहिली, म्हणजे बहुतेकदा अठराच्या आसपास, तर तो भाग ‘उत्तीर्ण’ आणि तिथले वार्षिक गोळ्यावाटप बंद.

लहान मुलेच का निवडायची, याचे कारण पक्के आहे. ही मुले गोळ्यावाटप सुरू झाल्यानंतर जन्मलेली असतात. त्यांच्या रक्तात जंत सापडला, तर तो गेल्या पाच-सहा वर्षांतच शिरला असणार, म्हणजेच डासांमार्फत होणारा प्रसार अजून थांबलेला नाही. चाळिशीतल्या माणसाच्या रक्तातला जंत एवढी ताजी बातमी देऊ शकत नाही. साथरोगशास्त्राच्या दृष्टीने हा हिशेब बिनचूक आहे. पण या हिशेबात मूल हे तापमापक होऊन बसते. पाऱ्याची रेघ कुठवर चढली ते पाहायचे, आकडा लिहायचा आणि पुढच्या शाळेत जायचे. दोन रेघांच्या मुलाला औषध मिळते, हे खरे. पण दीड हजारांच्या नमुन्यात जे मूल आलेच नाही, ज्याची शाळा चिठ्ठीत निघाली नाही, जे तिसरीत आहे किंवा अजून अंगणवाडीत आहे, त्याच्या दोन रेघा कोण पाहणार? हा प्रश्न कार्यक्रमाच्या आराखड्यात बसत नाही. तो बसवायला हवा, कारण हा आजार मुळात बालपणीच जडतो.

लोकांच्या मनातले चित्र नेमके उलटे आहे. हत्तीपाय म्हटले की डोळ्यांसमोर येतो तो पन्नाशीचा गृहस्थ. पाय खांबासारखा सुजलेला, कातडी जाड, खरखरीत, घड्या पडलेली. नाहीतर अंडवृद्धीमुळे चारचौघांत बसायला संकोचणारा शेतमजूर. सुश्रुतसंहितेत ज्याला ‘श्लीपद’ म्हटले आहे, ते हेच. रोगाचे नावच त्याच्या शेवटच्या पायरीवरून पडलेले असल्यामुळे पाय सुजला की रोग झाला, अशी समजूत रुळली. खरे तर पाय सुजतो तेव्हा रोगाची गोष्ट संपत आलेली असते. कित्येकदा तोवर शरीरात जिवंत जंतही उरलेला नसतो. उरते ती त्याने करून ठेवलेली मोडतोड.

ही मोडतोड कशी होते, ते थोडे सविस्तर पाहायला हवे. भारतातील जवळपास सगळ्या हत्तीरोगामागे वुचेरेरिया बँक्रॉफ्टी नावाचा जंत आहे. केरळच्या किनारपट्टीवर काही ठिकाणी ब्रुगिया मलायी हा त्याचा भाऊबंद आढळतो. घाण पाण्यात वाढणारी क्युलेक्स डासाची मादी चावताना जंताच्या अळ्या कातडीवर सोडते आणि त्या जखमेतून आत सरकतात. मग त्या लसीकावाहिन्यांत जाऊन राहतात. रक्तातून पेशींच्या भोवती झिरपलेला द्रव गोळा करून परत रक्तात नेऊन सोडणाऱ्या या बारीक नळ्या म्हणजे शरीराची निचरा-व्यवस्था. तिथे अळ्यांचे प्रौढ जंत व्हायला सहा महिने ते वर्ष लागते. मादी आठ-दहा सेंटीमीटर लांब, नर तिच्या निम्म्याने. जाडी मात्र सुती दोऱ्याएवढी. हे जोडपे सहा ते आठ वर्षे जगते आणि त्या काळात लाखो सूक्ष्म पिल्ले, म्हणजे मायक्रोफायलेरिया, रक्तात सोडत राहते. डास चावला की ती डासाच्या पोटात जातात, दहा-बारा दिवसांत पुढच्या अवस्थेला पोचतात आणि दुसऱ्या माणसाकडे निघतात.

यातली एक गोष्ट फार महत्त्वाची आहे आणि ती सहसा सांगितली जात नाही. हा जंत माणसाच्या शरीरात आपली संख्या वाढवू शकत नाही. रक्तातली पिल्ले डासातून गेल्याशिवाय प्रौढ होत नाहीत. म्हणजे शरीरात जितके प्रौढ जंत, तितक्या अळ्या बाहेरून वेगवेगळ्या वेळी आत आलेल्या असतात. मलेरियासारखे एका चाव्याने भागत नाही. महिनोन्‌महिने, वर्षानुवर्षे चावे बसावे लागतात. चाळिशीत सुजलेल्या पायाचा जमाखर्च मांडायचा तर पहिल्या नोंदी दुसऱ्या-तिसऱ्या वर्षापासून सुरू होतात. अंगणात उघडी गटार आणि मच्छरदाणीविना झोपलेले मूल, तेव्हापासून.

रात्री रक्त तपासून निदान करण्याच्या जमान्यात मुलांमधला हा आजार दुर्मीळ मानला जाई. प्रतिजन ओळखणाऱ्या चाचण्या आल्या आणि चित्र पालटले. रोगग्रस्त भागांत मुलांना पाच वर्षांच्या आतच लागण झालेली आढळू लागली. काही ठिकाणी तर हे प्रमाण तीन मुलांमागे एक इतके होते. सोनोग्राफीने आणखी एक पुरावा दिला. १९९० च्या दशकात ब्राझीलमधील रेसिफे शहरातल्या संशोधकांनी वृषणाच्या लसीकावाहिन्यांत जिवंत जंतांची सतत चाललेली वळवळ पडद्यावर पाहिली आणि तिला ‘फायलेरियाचे नृत्य’ असे नाव दिले. पुढे हेच नृत्य मुलांच्या जांघेतल्या आणि काखेतल्या गाठींजवळही दिसले. वरून पाहावे तर ठणठणीत, खेळणारी-बागडणारी मुले.

सगळ्यात मोलाचे काम झाले ते केरळमध्ये, आलप्पुळाच्या वैद्यकीय महाविद्यालयात. तिथल्या डॉक्टरांनी ब्रुगियाची लागण झालेल्या ३ ते १५ वर्षांच्या मुलांच्या लसीकावाहिन्यांचे लिम्फोसिंटीग्राफीने चित्रण केले. यात अत्यल्प किरणोत्सारी द्रव्य पायाच्या बोटांच्या बेचक्यात टोचून त्याचा वरचा प्रवास कॅमेऱ्याने टिपतात. ज्यांना सूज नाही, ताप नाही, तक्रार नाही, अशा मुलांमध्येही वाहिन्या रुंदावलेल्या आणि वाकड्यातिकड्या झालेल्या दिसल्या. मग याच मुलांना मोहिमेत वाटतात तीच औषधे, त्याच मात्रेत, ठरावीक अंतराने देत राहिले. दोन वर्षांनी पुन्हा चित्रे काढली, तेव्हा निम्म्याहून अधिक मुलांमध्ये बिघाड कमी झालेला किंवा नाहीसा झालेला होता.

या निष्कर्षाचे वजन लक्षात घ्यायला हवे. प्रौढाच्या जुनाट हत्तीपायावर औषधाने पाय पूर्ववत होत नाही. रोज पाय धुणे, कोरडा करणे, भेगांना मलम लावणे, पाय उंचावर ठेवणे, व्यायाम करणे, एवढेच हाती राहते. अंडवृद्धीवर शस्त्रक्रिया आहे, पायावर तीही फारशी नाही. मुलांमध्ये मात्र आतली पडझड परत भरून येते. म्हणजे हत्तीपायाच्या बाबतीत ‘बरा होतो’ हा शब्द वापरता येईल असे एकच वय आहे, आणि त्याच वयाकडे रोगी म्हणून पाहण्याची सवय आरोग्य यंत्रणेला लागलेली नाही.

सवय का लागली नाही, याचे एक उत्तर रात्रीच्या काळोखात आहे. १८७२ साली कोलकात्यात टिमथी लुईस यांनी माणसाच्या रक्तात हे सूक्ष्म जंत पाहिले. १८७७ साली चीनमधल्या अमॉय बंदरात पॅट्रिक मॅन्सन यांनी ते डासाच्या शरीरात वाढतात हे दाखवले. एखादा कीटक माणसाच्या रोगाचा वाहक असतो, हे त्यातून प्रथमच पुढे आले. ही पिल्ले दिवसा फुफ्फुसांतल्या रक्तवाहिन्यांत दडून बसतात आणि रात्री क्युलेक्स चावण्याच्या वेळेला त्वचेजवळच्या रक्तात येतात, हेही मॅन्सन यांच्याच लक्षात आले. जंताचे घड्याळ डासाच्या घड्याळाशी जुळलेले. त्यामुळे निदान करायचे तर रात्री रक्त घ्यायचे, हा नियम सव्वाशे वर्षे चालला. विदर्भातल्या लोकांना ‘हत्तीरोग रात्र चिकित्सालय’ ही पाटी अनोळखी नाही. आरोग्य कर्मचारी बॅटरी घेऊन रात्री साडेआठनंतर गल्लीबोळांत फिरतात, काचपट्टीवर रक्ताचा थेंब घेतात, दुसऱ्या दिवशी रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. कष्टाचे काम आहे आणि ते करणाऱ्यांबद्दल क्वचितच कोणी चार शब्द लिहितो. पण या पद्धतीत चार वर्षांच्या झोपलेल्या मुलाला उठवून त्याचे बोट टोचायला कोणती आई राजी होईल? शिवाय मुलांच्या रक्तात प्रौढ जंत असला तरी पिल्ले कमी असू शकतात, किंवा अजून सुटलेलीच नसतात. काचपट्टी कोरी आली की मूल निरोगी ठरते.

प्रतिजनाच्या पट्टीने हा अडसर दूर केला. ती प्रौढ जंताने सोडलेला अंश शोधते, त्यामुळे पिल्ले रक्तात असोत-नसोत, दिवस असो की रात्र, फरक पडत नाही. शाळेच्या वेळेत, वर्गाच्या व्हरांड्यात तपासणी होते. तिला मर्यादा आहेत. ती ब्रुगिया ओळखत नाही. औषधाने जंत मेल्यावरही प्रतिजन बराच काळ रक्तात राहू शकतो, त्यामुळे उपचार झालेल्या मुलाची लगेच फेरतपासणी करून ‘औषध लागू पडले नाही’ असा निष्कर्ष काढता येत नाही. पण पहिल्या शोधासाठी इतके सोयीचे साधन या रोगात आजवर नव्हते. अशा चाचण्यांच्या शोधात महाराष्ट्राचाही वाटा आहे. सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेत डॉ. बी. सी. हरिनाथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी फायलेरियाच्या रक्तचाचण्यांवर कित्येक वर्षे काम केले, तेही आजूबाजूच्या खेड्यांतल्या रुग्णांना समोर ठेवून.

मुद्दा महाराष्ट्राच्या दाराशी आहे तो असा. देशातील हत्तीरोगाचा बहुतांश भार आठ राज्यांत आहे आणि बिहार, झारखंड, उत्तर प्रदेश, ओडिशा, पश्चिम बंगाल, छत्तीसगड, तेलंगणा यांच्या पंक्तीत महाराष्ट्रही बसतो. गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदिया, नागपूर या पूर्व विदर्भाच्या पट्ट्यात तर पिढ्यान्‌पिढ्यांचे दुखणे आहे. देशपातळीवरचा नियंत्रण कार्यक्रम १९५५ मधला. २००२ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने २०१५ पर्यंत निर्मूलनाचे उद्दिष्ट ठरवले होते. ते हुकले. तारीख पुढे-पुढे सरकत आता २०२७ वर आली आहे, जागतिक उद्दिष्टाच्या तीन वर्षे आधी. श्रीलंका आणि मालदीव यांनी २०१६ मध्येच हे साधले. थायलंडने २०१७ मध्ये आणि बांगलादेशाने २०२३ मध्ये. शेजाऱ्यांची यादी वाचताना अवघडल्यासारखे व्हावे, अशी ही परिस्थिती आहे.

औषधांचा तुटवडा हे यामागचे कारण नव्हे. डीईसी हे औषध १९४७ पासून उपलब्ध आहे आणि ते शोधणाऱ्या अमेरिकेतल्या चमूचे प्रमुख आंध्रातून तिथे गेलेले यल्लाप्रगड सुब्बराव होते. २००४ पासून देशात वर्षातून एकदा डीईसी वाटली जाऊ लागली, पुढे तिला अल्बेंडाझोलची जोड मिळाली. आता अनेक जिल्ह्यांत आयव्हरमेक्टिन हे तिसरे औषधही देतात. देशात ज्या मोजक्या जिल्ह्यांत हा तिहेरी उपचार सर्वप्रथम सुरू झाला, त्यांत नागपूर होते. औषधे चांगली आहेत, फुकट आहेत, दारात येतात. अडते ते गोळी तळहातावरून घशाखाली जाण्यात. वाटलेली गोळी आणि गिळलेली गोळी यांतले अंतर हे या कार्यक्रमाचे सर्वांत जुने दुखणे आहे. ‘ठेवून जा, जेवल्यावर घेऊ’ म्हणून किती गोळ्या फळीवर, देव्हाऱ्यामागे, ट्रंकेत पडून राहिल्या असतील, याची मोजदाद नाही. म्हणून आशा कार्यकर्तीने समोर उभे राहून गोळी खाऊ घालावी, असा नियम आला. नियम योग्य आहे. पण ज्या बाईला पन्नास घरी जाऊन प्रत्येकाची उंची मोजून, वय विचारून, गोळ्या मोजून, गिळेपर्यंत थांबायचे आहे, तिच्या दिवसाच्या मोबदल्याचा विचार नियम करणाऱ्यांनी तितक्याच आस्थेने केलेला दिसत नाही.

मुलांच्या बाबतीत गोळी न गिळण्यामागे भीती असते आणि ती पालकांची असते. एखाद्या शाळेत गोळ्या दिल्यावर चार मुलांना उलटी होते, दोघांना चक्कर येते, गावात बोभाटा होतो, पालक शाळेत धावतात, मोबाइलवर चित्रफिती फिरतात आणि त्या वर्षीची मोहीम तिथेच बसते. यात घडते काय? डीईसीमुळे रक्तातली सूक्ष्म पिल्ले झपाट्याने मरतात आणि त्यांच्या मृत अंशांवर शरीर प्रतिक्रिया देते. ताप, डोकेदुखी, मळमळ, अंग दुखणे. ज्याच्या रक्तात पिल्लेच नाहीत, त्याला सहसा फारसे काही होत नाही. उपाशीपोटी गोळी घेतल्याने किंवा शेजारच्याला उलटी झालेली पाहून होणारा त्रास वेगळा, आणि एका वर्गात तो भराभर पसरतो. पण जंतामुळे येणारा ताप ही खरे तर खूण असते. ज्या मुलाला गोळीनंतर ताप आला, त्याचीच तपासणी सर्वांत आधी व्हायला हवी. प्रत्यक्षात त्याच मुलाला पुढच्या वर्षी पालक गोळीपासून दूर ठेवतात. रोग ज्याच्यात असण्याची शक्यता सर्वांत जास्त, तोच कार्यक्रमातून बाहेर. ही गोष्ट मोहिमेआधी शाळेच्या पालकसभेत सरळ शब्दांत सांगितली, तर निम्मी भीती जाईल. ‘गोळ्या पूर्णपणे सुरक्षित आहेत, काहीही होत नाही’ असे छापील आश्वासन दिले जाते. मग ताप आला की पालकांचा विश्वास उडतो, आणि त्यांचे काय चुकते?

वयाच्या दोन वर्षांखालील बाळांना ही औषधे देत नाहीत. पाच वर्षांखालच्यांना आयव्हरमेक्टिन देत नाहीत, मात्र डीईसी आणि अल्बेंडाझोल देतात. दोन ते पाच वर्षांच्या या गटात गळती मोठी असते, कारण ही मुले शाळेच्या पटावर नसतात आणि घरी गेलेल्या कार्यकर्तीसमोर आई ‘हा फार लहान आहे’ म्हणते. त्यांचा ठिकाणा अंगणवाडी आहे. पोषण आहार खाऊन झाल्यावर तिथेच गोळी कुस्करून देणे, हे घरोघरच्या फेरीपेक्षा किती तरी सोपे आहे.

निदानाचा आणखी एक कोपरा अगदीच दुर्लक्षित आहे. प्रत्येक मुलात जंताची लागण मुकी राहत नाही. जांघेत किंवा काखेत गाठ येऊन दुखते, ताप येतो, चार दिवसांत उतरतो. गावाकडे याला ‘अवधाण आले’ म्हणतात आणि पायाला काही लागले असेल म्हणून सोडून देतात. बहुतेक वेळा तसेच असते. पण हत्तीरोगाच्या गावात जखम नसताना अवधाण पुन:पुन्हा येत असेल, तर एक पट्टी तपासायला हवी. काही मुलांना आणि तरुणांना रात्री सुका खोकला येतो, धाप लागते, छातीत शीळ वाजते. दमा समजून पंप दिला जातो, कधी क्षयाची शंका घेतली जाते. रक्तात इओसिनोफिल पेशी तीन हजारांच्या पुढे गेलेल्या असतील, तर तो फुफ्फुसाचा इओसिनोफिलिया असू शकतो. जंताच्या पिल्लांवर फुफ्फुसात उसळलेली ही तीव्र प्रतिक्रिया असते. गंमत म्हणजे अशा रुग्णाच्या रक्तात पिल्ले सापडतच नाहीत, त्यामुळे रात्री रक्त घेऊनही निदान हुकते. डीईसीच्या तीन आठवड्यांच्या उपचाराने हा खोकला बहुधा आटोक्यात येतो. निदान झाले नाही, तर वर्षानुवर्षांत फुफ्फुसे कायमची आखडतात. आणि वयात येणारा मुलगा. वृषणाची सूज त्याने आईला सांगायची की वडिलांना, की शाळेतल्या बाईंना? तो कोणालाच सांगत नाही. लग्नाची बोलणी सुरू होईपर्यंत ते झाकलेलेच राहते.

लागण सापडलेल्या मुलावरचा उपचार सोपा आहे. वजनाच्या प्रमाणात, किलोमागे सहा मिलिग्रॅम या हिशेबाने, डॉक्टरांच्या सल्ल्याने १२ दिवस डीईसी. पुढे दर वर्षीच्या मोहिमेतल्या गोळ्या चुकवायच्या नाहीत, कारण पिल्ले मेली तरी सगळे प्रौढ जंत एका फेरीत मरत नाहीत.

मग करायचे काय? पहिली गोष्ट, दोन रेघांचे मूल सापडले की तिथे थांबू नये. त्या घरात जावे. सहा वर्षांच्या मुलाला चावलेला डास बहुधा त्याच घरातल्या किंवा शेजारच्या कोणाला तरी आधी चावलेला असतो. प्रशांत महासागरातल्या अमेरिकन सामोआने याची किंमत मोजली आहे. तिथे २०११ आणि २०१५ अशा दोन्ही वेळा शालेय परीक्षा उत्तीर्ण झाली, आणि २०१६ च्या तिसऱ्या परीक्षेत सामोआ नापास झाले. दरम्यान प्रौढांमध्ये जंत टिकून होता आणि सहा-सात वर्षांच्या मुलांच्या नमुन्याला तो वेळेत दिसला नाही. तिथल्या अभ्यासकांना असेही दिसले, की लागण झालेल्या मुलांच्या घरची माणसे तपासली तर रुग्ण अधिक सापडतात. श्रीलंकेतही गोळ्यावाटप थांबल्यावर काही वर्षांनी गॉल परिसरात डासांमध्ये आणि शाळकरी मुलांमध्ये जंताच्या खुणा मिळाल्या, जिल्हा परीक्षेत उत्तीर्ण असूनसुद्धा. त्यामुळेच श्रीलंकेने १९४७ पासून चालू असलेली फायलेरियाविरोधी मोहीम निर्मूलनानंतरही गुंडाळली नाही.

दुसरी गोष्ट, राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके आधीच प्रत्येक शाळेत आणि अंगणवाडीत जातात. दात, डोळे, हृदय, रक्तक्षय पाहतात. ज्या तालुक्यांत प्रसार अजून चालू आहे, निदान तिथे तरी त्यांच्या पेटीत ही पट्टी असावी आणि एकाच वर्गापुरती न ठेवता पाचवीपर्यंत फिरावी.

याला आक्षेप आहेत आणि ते हलके नाहीत. पट्ट्या महाग पडतात. त्या परदेशातून येतात आणि पुरवठा कधी कधी आटतो. जिथे सगळ्यांनाच गोळ्या द्यायच्या आहेत, तिथे एकेकाला शोधण्यात पैसा का घालावा, असे कार्यक्रम चालवणारे विचारतात. रोगाचा मोठा साठा मुलांत नसून गोळी टाळणाऱ्या, कामासाठी गावोगाव फिरणाऱ्या प्रौढ पुरुषांत आहे, हेही खरे. शिवाय ‘हत्तीरोगाची मुलगी’ असा शिक्का एकदा बसला की पुढे तिच्या लग्नात तो आडवा येईल, ही आईची भीती शहरात बसून हसण्यावारी नेण्यासारखी नाही. तपासणीचा निकाल वर्गासमोर न वाचता पालकांनाच सांगणे, एवढे तरी पाळावे लागेल. पण खर्चाचा आक्षेप पुरता पटत नाही. सगळ्यांना गोळ्या द्यायला लागून २० वर्षे उलटून गेली आणि काही तालुक्यांत प्रसार थांबलेला नाही, म्हणजे काही माणसे सातत्याने सुटत आहेत. ती कोणत्या घरांत आहेत हे सांगणारा सर्वांत स्वस्त वाटाड्या म्हणजे त्या घरातले शाळकरी मूल. आणि ज्या मुलाच्या वाहिन्या अजून दुरुस्त होऊ शकतात, त्याला सामूहिक हिशेबाच्या भरवशावर सोडणे हा काटकसरीचा मार्ग म्हणता येणार नाही. पुढची ४० वर्षे तो पाय धुण्यात, मजुरी बुडण्यात आणि तापाच्या फेऱ्यांत जो खर्च होईल, तो कोणत्याच अंदाजपत्रकात दिसत नाही, एवढेच.

डासांबद्दल फार लिहिण्यासारखे नवे काही नाही. शौचालये वाढली ही चांगली गोष्ट झाली, पण सेप्टिक टाकीच्या वरच्या पाइपला जाळी नसेल तर तिथून क्युलेक्सची फौजच बाहेर पडते. पाच-दहा रुपयांच्या जाळीचा तुकडा किंवा जुन्या कापडाची चिंधी पुरते. ग्रामपंचायतींना हे दर वर्षी सांगितले जाते.

गोळ्यांची फेरी आता बहुतेक ठिकाणी जंतनाशक दिनाला जोडून, १० फेब्रुवारी किंवा १० ऑगस्टच्या सुमारास सुरू होते. मुलांसाठी हिशेब असा. डीईसीची गोळी दोन ते पाच वर्षांच्या मुलाला एक, सहा ते चौदा वर्षांच्या मुलाला दोन, त्यापुढे तीन. अल्बेंडाझोलची एक, तीही चावून. जिथे आयव्हरमेक्टिन आहे तिथे पाच वर्षांवरील मुलाला उंची मोजून. गोळ्या पोटभर जेवणानंतर, आशा किंवा शिक्षकांसमोर. गंभीर आजारी मूल असेल तर ते आधी सांगावे. गोळीनंतर ताप, डोकेदुखी किंवा मळमळ झाली तर मूल झोपवून ठेवावे, पाणी द्यावे, प्राथमिक आरोग्य केंद्रात कळवावे. त्रास बहुधा एक-दोन दिवसांत जातो. आणि तिथल्या डॉक्टरांना एवढेच विचारावे, की याची पट्टी तपासता येईल का.